कॉफीचा पेला आणि रक्तातील साखर

आपला मुलूख मुळात चहाचा. तरी हल्ली कॉफीची पुडी खेड्यातल्या दुकानातही टांगलेली दिसते. रात्र जागून पिकाला पाणी दिलेला शेतकरी काय, किंवा पेपर तपासत बसलेले गुरुजी काय, सकाळी काही खाण्याआधी कडक पेला मागतात. या पेल्याने धडधाकट माणसाच्या रक्तातील साखर वाढते की घटते? उत्तरे दोन आहेत, आणि दोन्ही ध्यानात ठेवण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर त्या दिवसापुरते. भाकरी पोटात गेली की तिची साखर होऊन रक्तात उतरते, आणि इन्सुलिनच्या मदतीने स्नायू ती उचलतात. कॉफीतील कॅफीनमुळे अॅड्रेनॅलिन वाढते, आणि मग स्नायू काही काळ साखर घ्यायला कां-कूं करतात. इंग्लंडातील बाथ विद्यापीठाने २०२० साली २९ निरोगी स्त्री-पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. झोपमोडीनंतर सकाळी उपाशीपोटी कडक काळी कॉफी आणि मग साखरेचे पाणी दिले, तेव्हा रक्तातील साखरेची चढ सुमारे ५० टक्क्यांनी जास्त भरली. नुसत्या एका रात्रीच्या झोपमोडीने मात्र असे झाले नव्हते.

दुसरे उत्तर वर्षांच्या हिशेबाचे. हॉलंडमधील सतरा हजारांवर लोकांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. रोज दोन किंवा कमी पेले घेणाऱ्यांपेक्षा सात किंवा अधिक घेणाऱ्यांत प्रौढपणीचा मधुमेह जवळजवळ निम्माच आढळला. पुढे कॅफीन काढलेल्या कॉफीबाबतही असाच कल दिसला. म्हणजे गुण असलाच, तर तो कॅफीनखेरीज दुसऱ्या द्रव्यांचा असावा. पण जपून हं! कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो, म्हणून कोंबड्याने सूर्य उगवला असे होत नाही. तेव्हा कॉफीला औषध समजू नका.

मग करावे काय? कॉफी न्याहारीच्या आधी नको, सोबत किंवा नंतर घ्या. गावात तपासणी शिबिर आले आणि उपाशीपोटी रक्त द्यायचे असले, तर आधी पाण्याखेरीज काही नको. बिनसाखरेची कॉफीसुद्धा नको. आणि पेल्यात पडणारा चमचा मोजा. पेल्याला दोन चमचे आणि दिवसाला चार पेले, म्हणजे आठ चमचे साखर झाली! गुळाचाही हिशेब तोच. कॅफीनचा वाद शास्त्रज्ञ मिटवतील. हा चमचा मात्र आपल्याच हातात आहे.