गळालेल्या ओळी
(संस्थेच्या वर्धापनदिनी नोंदणी विभागप्रमुखांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी वैद्यकीय विभागांचे कार्य मांडले जाते. यंदा नोंदणी विभागाला पाचारण झाले ते आमच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून आपण संगणक बदलले. नव्या यंत्रांवर ६४ बिटांचे ऑफिस आले. बिलांची आपली आज्ञावली मात्र जुनी, ३२ बिटांची. एक्सेलचे पत्रक वाचण्यासाठी तिला जो दुवा लागतो, तो जुन्या ऑफिससोबत आलेला होता आणि त्याच्याबरोबरच गेला. दुवा नोंदलेला नाही, असा संदेश पडद्यावर आला आणि खिडकीपुढे रुग्णांची रांग वाढू लागली.

आम्हांस वाटले, दोष फाइलच्या नव्या धाटणीचा. म्हणून निर्धन रुग्णांच्या सवलतींचे, अनेक वर्षांचे पत्रक आम्ही ऑफिस २००३ च्या ‘एक्सएलएस’ धाटणीत जतन केले. ती धाटणी वाचण्याची सोय विंडोजमध्ये मुळातच असल्याने आज्ञावली सुरू झाली. उपाय लागू पडला, याचा आम्हांस आनंदही झाला!

परंतु त्या धाटणीत ओळीचा क्रमांक १६ बिटांत लिहिला जातो, त्यामुळे ६५,५३६ ओळींपुढे तीत काहीच मावत नाही. ऑफिस २००७ पासूनच्या धाटणीत १०,४८,५७६ ओळी मावतात. जतन करताना एक्सेलने सावधगिरीची चौकट दाखविली होती. घाईत ‘पुढे’ म्हणण्याची सवय जडलेल्या हाताने तीही ओलांडली. पत्रक तारखेच्या क्रमाने लावलेले. गळाले ते अगदी अलीकडचे रुग्ण.

मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार आपण १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखतो. त्या यादीत नाव नसणे म्हणजे काय, हे प्लास्टर काढण्यासाठी आलेल्या एका आजोबांना खिडकीवर कळले. त्यांनी उसने पैसे आणून पूर्ण बिल भरले. समाजसेवा विभागातील भगिनींनी त्यांना ओळखले, म्हणून प्रकार उघडकीस आला. रक्कम आम्ही घरी जाऊन परत केली. आजोबांनी चहा दिला. रागावले असते तर अधिक बरे वाटले असते.

अशी चूक मोठ्यांकडूनही झाली आहे. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने कोविडचे अहवाल याच जुन्या धाटणीत एकत्र केले आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ बाधितांच्या नोंदी दैनिक आकडेवारीतून सुटल्या. रुग्णांना निकाल कळले होते, पण त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. ओळी गळाल्या तरी फाइल निमूटपणे उघडते, बेरजाही करते. बंद पडलेली आज्ञावली निदान ओरडून तरी सांगते.

दुरुस्ती दोन तासांची निघाली. एकाच यंत्रावर दोन्ही बिटांची ऑफिस नांदत नाहीत. म्हणून ६४ बिटांचे संपूर्ण काढून ३२ बिटांचे बसविले, दुवा आला आणि पत्रक नव्या धाटणीत परतले. मूळ फाइल आम्ही पुसली नव्हती, हे नशीब. आता फाइल कोठूनही कोठे गेली की दोन्हीकडच्या ओळी मोजून, नोंदवहीत लिहून दोघांच्या सह्या होतात. या वहीची प्रारंभी थट्टा झाली, ती चालावयाचीच.

एक काम उरले आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेली मराठी संमतिपत्रे नव्या यंत्रावर निरर्थक रोमन अक्षरांसारखी दिसतात. ती नव्याने टंकलिखित करू नयेत. अक्षरांचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि औषधांच्या मात्रांचे आकडे जाणत्या माणसाने वाचलेच पाहिजेत. ज्या विभागांकडे अशी पत्रे असतील, त्यांनी छापील प्रतीसह ती सोमवारपर्यंत आमच्याकडे पाठवावीत.