सर मैदानावर आले नाहीत



५ मार्च २०२१ या दिवशी पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत इंडियन ग्रां प्रीची तिसरी स्पर्धा होती. धावपटू जमले, पंच आले, शर्यती सुरू झाल्या. लांब पल्ल्याचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह मात्र तिकडे फिरकले नाहीत. संध्याकाळी इतर प्रशिक्षकांनी चौकशी केली, तर वसतिगृहातल्या त्यांच्या खोलीला आतून कडी. दार तोडलं, तेव्हा ते बिछान्यावर निपचित पडले होते. डॉक्टरांनी तपासून मृत्यू झाल्याचं सांगितलं. स्नेसारेव्ह मूळचे बेलारूसचे, वय ७२. दोन वर्षांच्या खंडानंतर, तीनच दिवसांपूर्वी ते भारतात परतले होते.

या परदेशी माणसाबद्दल मी वसई-विरारच्या श्रोत्यांशी बोलतो आहे, कारण त्यांचं आपल्यावर ऋण आहे. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये प्रीजा श्रीधरननं सुवर्ण आणि नाशिकच्या आदिवासी पाड्यावरून आलेल्या कविता राऊतनं रौप्य जिंकलं, त्यामागे त्यांची मेहनत होती. पुढे ललिता बाबर त्यांच्या हाताखाली आली. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ही मुलगी. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आलेली. तिला ४२ किलोमीटरच्या रस्त्यावरून काढून तीन हजार मीटरच्या स्टीपलचेसकडे वळवणं हे धाडसाचं काम होतं.

ही शर्यत ज्यांनी जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अठ्ठावीस वेळा लाकडी अडथळा ओलांडायचा आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून झेप घ्यायची. नेहमीच्या हर्डल्समधला अडथळा पाय लागला की आडवा होतो. इथला जागचा हलत नाही, पाय चुकला तर नडगी फुटते. अडथळा दहा पावलांवर आला की कोणता पाय आधी पडणार हे शरीराला आपोआप कळावं लागतं, आणि तेही दम संपत आलेला असताना, शेजारी दुसऱ्यांचे कोपर लागत असताना. हे पुस्तकातून येत नाही. कुणीतरी रोज कडेला उभं राहून, त्याच अडथळ्यावरून शंभरदा उडी मारून घेऊन, शंभर वेळा ‘परत’ म्हणावं लागतं. २०१६ मध्ये रिओला ललिता प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत धावली, राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला.

मग आला बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे, सैन्यातला जवान. स्नेसारेव्हनी त्याच्यावर मेहनत घेतली, पण पुढे तो त्यांना सोडून सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्याकडे सरावाला गेला. स्नेसारेव्हना ते लागलं. २०१९ च्या फेब्रुवारीत राजीनामा देऊन ते निघून गेले. आणि २०२१ मध्ये परत आले ते टोकियो ऑलिंपिकच्या तयारीला, त्याच अविनाशसाठी. रुसून गेलेला गुरू शिष्यासाठी पुन्हा दारात यावा आणि तीन दिवसांत त्याला मरण यावं, याला काय म्हणावं मला कळत नाही. मनातलं बोलायला जो वेळ हवा होता, तोच मिळाला नाही. अचानक आलेल्या मृत्यूचं दुःख असं असतं. आजारी माणसाला आपण भेटून तरी येतो.

त्या घटनेनंतर बारा दिवसांनी, त्याच पतियाळ्यात, अविनाशनं ८ मिनिटं २०.२० सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला. त्या धावेचं श्रेय अमरीश कुमार यांचंच, ते त्यांच्याकडून काढून घेऊ नये. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाची मक्तेदारी मोडून तो रौप्यपदक घेऊन आला. तरी या सगळ्या आकड्यांच्या पायात जी सुरुवातीची माती घातली गेली, ती घालणाऱ्यांत स्नेसारेव्ह होते, एवढं म्हणण्याचा मला अधिकार आहे असं वाटतं.

आता आपल्याकडे येतो. २०११ पासून आपल्या महापालिकेची मॅरेथॉन होते. रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून आपण धावणाऱ्यांना टाळ्या देतो. त्या मुलामुलींना अर्नाळ्याच्या, राजोडीच्या वाळूत पहाटे पळवणारे जे सर असतात, त्यांना कुणी ओळखत नाही. महाविद्यालयाच्या जिमखान्यात एकेका खेळासाठी मानधनावर येणारे कितीतरी जण आहेत. सकाळी मैदान, दुपारी दुसरी नोकरी, संध्याकाळी पुन्हा मैदान, मध्ये विरार लोकलची गर्दी. दिवसभर दुसऱ्यांच्या नाडीचे ठोके मोजणाऱ्या या माणसाचा स्वतःचा रक्तदाब कोण मोजतं? चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले सर मुलांबरोबर दोन फेऱ्या मारतात, छातीत कळ आली तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून पाणी पितात आणि शिट्टी वाजवतात. असे सर गेले की शोकसभा होते, फोटोला हार पडतो, दोन मिनिटं स्तब्धता पाळली जाते. तेवढ्यानं माझं समाधान होत नाही.

ज्या मुलांचे सर असे अचानक गेले असतील, त्यांनी रडावं, त्यात कमीपणा नाही. सरांनी वहीत लिहिलेलं सरावाचं वेळापत्रक असेल तर घरच्यांना विचारून जपून ठेवावं, ते पुढच्या प्रशिक्षकाच्या कामाला येईल. आणि जे सर आज आपल्यात आहेत त्यांच्यासाठी एक काम करा. मैदानावर कुणी कोसळला, हाक मारून उठेना आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन लावायचा आणि छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबत राहायचं, मदत येईपर्यंत. हे तासाभरात शिकता येतं. मुलांनो, तुमच्या महाविद्यालयात हे प्रशिक्षण आणि सरांची वर्षातून एकदा हृदयतपासणी व्हावी, असा अर्ज या आठवड्यातच प्राचार्यांना द्या, आणि त्यावर संघातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या.