युद्धकाळातील शासन आणि नागरिक

युद्ध सुरू झाले की शासनाच्या हाती असाधारण अधिकार एकवटतात, आणि त्या अधिकारांची झळ स्वतःच्याच नागरिकांतील एखाद्या अल्पसंख्य समूहाला कशी बसते, हे दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेत स्पष्ट दिसते. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरच्या नाविक तळावर हल्ला केला, आणि १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश क्रमांक ९०६६ वर, म्हणजे केवळ राष्ट्राध्यक्षाच्या अधिकाराने निघणाऱ्या हुकमावर, स्वाक्षरी केली.

या आदेशात कोणत्याही वंशाचा उल्लेख नव्हता. लष्कराने ठरवलेल्या क्षेत्रांतून कोणालाही हलवता येईल, एवढीच त्यात तरतूद होती. प्रत्यक्षात मात्र जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना पश्चिम किनाऱ्यावरील घरेदारे सोडावी लागली, आणि त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. खांबांवर आणि भिंतींवर नोटिसा लागल्या. प्रत्येक कुटुंबाला क्रमांक मिळाला आणि त्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या सामानाप्रमाणेच मुलांच्या कोटांनाही अडकवल्या गेल्या. हाताने उचलता येईल तेवढेच बरोबर नेण्याची मुभा असल्यामुळे अनेकांना दुकाने आणि घरातील चीजवस्तू पडेल त्या भावाने विकाव्या लागल्या. कित्येक कुटुंबांना सांता अनिता येथील शर्यतीच्या मैदानावर घोड्यांच्या तबेल्यांत दिवस काढावे लागले, आणि पुढे त्यांची रवानगी काटेरी तारांनी वेढलेल्या छावण्यांत झाली.

फ्रेड कोरेमात्सू या तरुणाने हा हुकूम मानण्यास नकार दिला, तेव्हा १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शासनाची बाजू उचलून धरली. १९८० मध्ये अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या चौकशी आयोगाने मात्र वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश हीच या कारवाईची कारणे असल्याचा निष्कर्ष काढला, आणि १९८८ च्या कायद्याने हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला शासनाची माफी व २०,००० डॉलर देण्यात आले.

भारतातही १९६२ च्या चीन युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले होते. अमेरिकेत चाळीसहून अधिक वर्षांनी आलेली माफी उजाडलेले संसार पुन्हा उभे करीत नाही. म्हणूनच शासनाचा आरोप माणसाच्या कृत्यावर आहे की त्याच्या वंशावर, हा प्रश्न युद्ध चालू असतानाच नागरिकांनी, वृत्तपत्रांनी आणि न्यायालयांनी विचारला पाहिजे.