पेनची पुस्तिका आणि फुल्यांची अर्पणपत्रिका

(जयनगर, बंगळूर येथे मराठी भाषिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



टॉमस पेन हा स्त्रियांच्या आवळ चोळ्या शिवणाऱ्या इंग्रज कारागिराचा मुलगा. १७७४ साली तो फिलाडेल्फियास आला आणि जानेवारी १७७६ मध्ये त्याने ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका काढली. एका घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या राज्य करण्याचा अधिकार कोणी दिला, हा तिचा सवाल होता. भाषा साधी असल्यामुळे ती गुत्त्यांतून मोठ्याने वाचली जाई. सहा महिन्यांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. त्याने मानवाची समानता घोषित केली.

परंतु त्याचा प्रमुख लेखक जेफर्सन स्वतः गुलामांचा मालक होता. १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख गुलाम नोंदले गेले. तंबाखूच्या मळ्यांत ते राबत, म्हणून मालकाला तत्त्वचिंतनास सवड मिळे. ही गुलामगिरी कायद्याने संपण्यास यादवी युद्ध व्हावे लागले आणि १८६५ साल उजाडावे लागले.

पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ जोतीराव फुले यांनी १८४७ साली वाचले. १८७३ साली त्यांनी आपले ‘गुलामगिरी’ अर्पण केले, ते गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी तेथे व्यक्त केली. घोषणेपेक्षा बेड्या तोडणारी कृती त्यांना वंदनीय वाटली.

याच जयनगरात पहाटे रस्ते झाडणाऱ्या, घरोघर धुणीभांडी करणाऱ्या श्रमिकांपर्यंत समतेचा शब्द कितपत पोहोचला आहे? प्रत्येक जाहीरनाम्याची खरी परीक्षा तेथेच होते.