व्हाउचर पाहिल्याशिवाय पास नाही
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत, म्हणून एकच विषय घेतो. आपल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर राजकारणावरून भांडणं होतात हे सर्वांना ठाऊक आहे. यंदा मात्र ते भौतिकशास्त्रावरून झालं. जड आणि हलका गोळा उंचावरून एकाच वेळी सोडला तर आधी कुठला पडेल? एक म्हणाले, दोन्ही बरोबरच. गॅलिलिओनं पिसाच्या मनोऱ्यावरून करून दाखवलंय. दुसरे म्हणाले, शक्यच नाही. पुढे आठवडाभर दोघांचं बोलणं बंद!

मी बँकेत ३६ वर्षं काढली. व्हाउचर पाहिल्याशिवाय नोंद पास करायची नाही, ही तिथली शिस्त. म्हणून नातीकडून गॅलिलिओच्या शेवटच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर मिळवलं. मूळ पुस्तक १६३८ साली हॉलंडमधल्या लायडन शहरात छापलं गेलं. तेव्हा तो इटलीत स्वतःच्या घरीच नजरकैदेत होता. गंमत म्हणजे तेसुद्धा कट्ट्यावरच्या गप्पांसारखंच आहे. तीन गृहस्थ चार दिवस वाद घालतात!

त्या पुस्तकात पिसाच्या मनोऱ्याची गोष्टच नाही. ती त्याचा शिष्य विव्हियानी यानं नंतर लिहिलेल्या चरित्रातली. पुस्तकात आहे ते असं, की शंभर हात उंचीवरून सोडले तर मोठा गोळा लहानापेक्षा जेमतेम दोन बोटं पुढे असतो, आणि असा फरक पडतो तो हवेमुळे. उतरत्या लाकडी खोबणीतून गोळी सोडून, बारीक धारेनं पडलेलं पाणी तोलून वेळ मोजल्याचंही वर्णन आहे. म्हणजे कट्ट्यावरचे दोघेही थोडेथोडे बरोबर! मी ते पान दोघांसमोर वाचलं. आता त्यांचा वाद पाण्यानं वेळ कशी मोजायची यावर चालतो, पण चहा एकत्र होतो.

मंडळी, २५ वर्षांत पार्किंगवरून, गळतीवरून, वर्गणीवरून आपल्याकडे कमी का कुरबुरी झाल्या? त्यातल्या बऱ्याचशा 'असं म्हणतात' एवढ्यावरच. उपविधींची प्रत आणि सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात आहेत. माझी एवढीच विनंती, की ज्यांच्याशी आपलं बोलणं बंद आहे त्यांनाच सोबत घेऊन ते पान उघडा. मूळ कागद मध्ये ठेवला की कुणाला कुणापुढे नमावं लागत नाही.