चहाडी आणि साक्ष

(महोत्सवी वर्षातील पालकमेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या वर्षी मागील पिढ्यांच्या कार्याचे स्मरण करावे हा रिवाज योग्यच आहे. परंतु ज्यांच्या हाती हे धर्मग्राम उद्या जावयाचे, त्या मुलामुलींच्या सुखदुःखाची विचारपूस केल्याखेरीज तो रिवाज पुरा होत नाही. यास्तव आज मी अशा एका दुःखाविषयी बोलणार आहे, जे मुले आपल्या कानी क्वचितच घालतात. शाळेत, वसतिगृहात, शिकवणीच्या वर्गात, शाळेच्या रिक्षात आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर एखाद्या मुलाला इतरांनी वारंवार छळणे, हेच ते दुःख होय.

कोणी म्हणेल, मुले आहेत, थट्टामस्करी चालायचीच. खरे आहे. पण थट्टा आणि छळ यांत भेद आहे. थट्टेत दोघेही हसतात, आणि आज ज्याची थट्टा झाली तो उद्या दुसऱ्याची करतो. छळात हसणारे नेहमी तेच असतात आणि खाली मान घालणाराही नेहमी तोच असतो. नॉर्वे देशातील डॅन ओल्वेउस या विद्वानाने 1970 नंतरच्या काळात या विषयाचा प्रथमच शास्त्रशुद्ध अभ्यास केला. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: तो जाणूनबुजून केलेला असतो, तो पुनःपुन्हा होतो, आणि सोसणाऱ्याचे बळ करणाऱ्यापेक्षा कमी असते. हे बळ केवळ दंडाचेच असते असे नाही. वयाचे, संख्येचे, पैशाचे, इंग्रजी बोलण्याचे, रंगाचे, जातीचे किंवा धर्माचेही ते असू शकते. पेठ किंवा सुरगाण्याहून शहरातील वसतिगृहात आलेल्या मुलाच्या बोलीवर रोज हशा पिकवणे, हेही दंडेलीचेच काम होय.

मग मुले हे सांगत का नाहीत? माझ्या मते, त्यांच्या ओठांना एका शब्दाने कुलूप घातले आहे. तो शब्द म्हणजे चहाडी. 'चहाडखोर' ही शिवी मुलांना मारापेक्षा अधिक झोंबते. आणि ती त्यांना शिकवतो कोण? पुष्कळदा आपणच. मूल तक्रार घेऊन आले की आपण म्हणतो, "सारख्या चहाड्या काय सांगतोस? तुमचे तुम्ही मिटवा." मूल माघारी जाते, आणि पुढच्या खेपेस ते येतच नाही.

बालमित्रांनो, आज एवढी एकच गोष्ट माझ्याकडून घेऊन जा. चहाडी निराळी आणि साक्ष निराळी. दुसऱ्याला मार बसावा आणि आपली पाठ थोपटली जावी म्हणून जे सांगितले जाते, ती चहाडी. दुःखात सापडलेल्याची सुटका व्हावी म्हणून जे सांगितले जाते, ती साक्ष. सांगण्यापूर्वी मनाला एकच प्रश्न विचारा: मी हे कोणाला अडकवण्यासाठी सांगतो आहे, की कोणाला सोडवण्यासाठी? उत्तर 'सोडवण्यासाठी' असे आले, तर निर्भयपणे बोला. आणि तो दुःखात सापडलेला तुम्ही स्वतःच असाल, तर स्वतःविषयी साक्ष देण्याचाही तुम्हाला पुरा हक्क आहे.

साक्ष न मिळाल्याने काय होते, हे योसेफाच्या कथेत आपण सर्वांनी ऐकले आहे. दहा थोरले भाऊ एका बाजूला आणि सतरा वर्षांचा योसेफ दुसऱ्या बाजूला. रऊबेनाच्या मनात त्याला वाचवावयाचे होते. पण ते भावांच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य त्याला झाले नाही. गुपचूप सोडवू, असा त्याने बेत केला आणि तो परत आला तेव्हा खड्डा रिकामा होता. पुढे त्या दहा जणांनी रक्ताने माखलेला झगा बापापुढे टाकला, आणि कथेतील वर्षांची बेरीज केली तर सुमारे 22 वर्षे त्या घरात एकाही तोंडून सत्य बाहेर पडले नाही. रऊबेन दुष्ट नव्हता. आपल्यापैकी बहुतेकांसारखा तो केवळ उशीर करणारा होता.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहू. याच नाशकात 1930 साली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी ज्यांनी सत्याग्रह आरंभिला आणि 1935 साली आपल्याच जिल्ह्यातील येवल्यास धर्मांतराची घोषणा केली, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण आठवा. साताऱ्याच्या शाळेत हा बुद्धिमान मुलगा तरटाच्या तुकड्यावर निराळा बसे, आणि ते तरटही रोज घरी नेऊन दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. तहान लागली तरी नळाला स्वतः हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने पाणी दिले तर प्यावे, शिपाई नसला तर तहानलेलेच राहावे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे उचलण्यासाठी वर्गातील मुलांची एकच धांदल उडाली.

ही केवळ मुलांची खोडी नव्हती. मोठ्यांनी घालून दिलेली रूढी मुले इमानाने गिरवीत होती. त्या वर्गातील कोणी मूल जन्मतः क्रूर होते असे नाही. घरी जे ऐकले, तेच त्यांनी शाळेत केले. म्हणून मातापितरहो, शेजाऱ्याचा रंग, जात, गरिबी यांविषयी आपण जेवताना जे बोलतो, तेच दुसऱ्या दिवशी वर्गात कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी आणते, हे ध्यानी ठेवावे.

परंतु त्याच आठवणींत दुसरी एक व्यक्ती आहे. आंबेडकर याच आडनावाचे एक शिक्षक त्या मुलाला आपल्या शिदोरीतील भाजीभाकरी देत असत. त्या शिक्षकांनी रूढी मोडून टाकली नाही, शाळाही बदलली नाही. तरी तो देशाचा मोठा कायदेपंडित झाल्यावरही ती भाकरी विसरला नाही. छळ सोसणाऱ्या मुलाला एक माणूस जरी आपल्या बाजूस दिसला, तरी जग सर्वस्वी आपल्याविरुद्ध नाही, ही खात्री त्याला पटते.

आधुनिक अभ्यासही हेच सांगतो. फिनलंडातील टुर्कू विद्यापीठाच्या प्राध्यापिका क्रिस्टिना साल्मिवाली यांनी दाखवून दिले, की छळाच्या प्रसंगी फक्त दोन मुले नसतात. कोणी मदतीस धावतो, कोणी हसून उत्तेजन देतो, कोणी नुसता पाहतो आणि कोणी पीडिताची बाजू घेतो. दांडगाई करणाऱ्याला प्रेक्षक हवे असतात. प्रेक्षकच उठून गेले तर नाटक बंद पडते. म्हणून त्या देशाने शाळांसाठी आखलेल्या उपक्रमात पाहणाऱ्या मुलांनाच मुख्य धडे दिले.

आपल्या राज्याचा कायदाही मौनाला निर्दोष मानीत नाही. 1999 च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायद्याने विद्यासंस्थेत व वसतिगृहात छळ करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. शिवाय तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. त्याने हयगय केली, तर त्याने त्या अपराधास साहाय्य केले असे धरले जाते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलास मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. शिक्षकबंधूंनी ती विशेष ध्यानी ठेवावी.

आता घरातील कर्तव्याविषयी दोन शब्द. मुलाचे पोट दर सोमवारीच दुखू लागले, वह्या फाटून येऊ लागल्या, डबा न उघडताच परत आला, त्याने शाळेची वाट बदलली, किंवा मोबाइल हाती घेताच त्याचा चेहरा उतरला, तर रागावू नये. जवळ बसवून विचारावे आणि ते बोलत असता मध्ये तोडू नये. "तूही एक ठेवून दे" हा सल्ला बळाची विषमता विसरतो, आणि "दुर्लक्ष कर" हा सल्ला मुलाला पुन्हा एकटे टाकतो. त्याऐवजी म्हणावे, "तू सांगितलेस हे फार चांगले केलेस. आता हे काम आपले दोघांचे." काय, कोठे, केव्हा घडले ते लिहून ठेवावे. मोबाइलवरील अपशब्द पुसून न टाकता जपून ठेवावेत. वर्गशिक्षकांची शांतपणे भेट घ्यावी. दुसऱ्या मुलाच्या आईबापांशी शाळेच्या फाटकाशी भांडण काढू नये. त्याची झळ अखेर मुलालाच लागते. पंधरा दिवसांनी पुन्हा चौकशी करावी, कारण छळ पहिल्या ताकिदीने थांबतोच असे नाही. मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागले तर एक क्षणही न दवडता त्याच्याजवळ राहावे आणि डॉक्टरांचे साहाय्य घ्यावे. मुलांच्या साहाय्यासाठी 1098 हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. तो प्रत्येक मुलाला पाठ असावा.

आणि आपलेच मूल छळ करणारे निघाले तर? ही बातमी सोसण्यास अधिक कठीण असते. अशा वेळी पांघरूण घालू नये आणि पट्टाही काढू नये. बळ असेल त्याने मारावे, हाच धडा तो गिरवीत असतो. आपण मारले तर तोच धडा आपण पक्का करतो. जे केले ते त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल करावे, क्षमा मागावी, मोडले ते भरून द्यावे, आणि तरीही या घरात आपल्याला जागा आहे हे त्याला कळावे. पश्चात्ताप म्हणजे तरी याहून निराळे काय?

साक्ष द्यावयास धैर्य लागते, तशी ती ऐकून घेणारी जागाही लागते. आपल्या शहरातील शरणपूर रस्त्याने आपण नेहमीच जातो. एकोणिसाव्या शतकात अँग्लिकन मिशनऱ्यांच्या त्या वसाहतीत गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकेतील मुले आश्रयास आली व शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा पुढे डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या मृत देहासोबत 1874 साली लंडनपर्यंत गेला. ज्याला बळवंतांनी वस्तूप्रमाणे विकले होते, त्याला नाशकात शरण मिळाली आणि तो माणसांत माणूस म्हणून उभा राहिला.

बंधुभगिनींनो, महोत्सवात आपण मंदिराला रंग दिला, नवी घंटा चढविली. त्याहून एक अवघड काम आता करू या. आपले प्रत्येक घर, धर्मशिक्षणाचा प्रत्येक वर्ग आणि वेदीसेवकांचा मेळा हे असे स्थान होवो, की जेथे कोणतेही मूल येऊन आपले दुःख सांगेल आणि त्याला कोणी चहाडखोर म्हणणार नाही. आणि बालमित्रांनो, उद्या मधल्या सुट्टीत कोणी एकटाच बसलेला दिसला, तर आपला डबा उचलून त्याच्याशेजारी जाऊन बसा. त्या भाकरीची आठवण तो जन्मभर ठेवील.

प्रभू आपणा सर्वांस तसे धैर्य देवो. आमेन.