दुखणे हाताचे, कारण कमरेचे
(क्रीडा सप्ताहात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. बेसबॉल हा अमेरिकेचा खेळ. त्यातल्या चेंडू टाकणाऱ्या गड्याच्या, म्हणजे पिचरच्या, कमरेशी आपले काय नाते? एक तर आपल्या शालेय स्पर्धांत बेसबॉल व सॉफ्टबॉल आता खेळले जातात. दुसरे म्हणजे, "सर, हात दुखतो" असे सांगत मुलगा आला की आपण हातालाच तेल चोळतो. मीही तेच करीत असे.

अमेरिकेत डिझी डीन नावाचा एक नामवंत पिचर होऊन गेला. 1932 ते 1936 या पाच हंगामांत त्याने 120 सामने जिंकून दिले. त्यांतले 30 एकट्या 1934 सालातले. 1937 च्या जुलैत, वॉशिंग्टनच्या एका सामन्यात, फलंदाजाने मारलेला चेंडू त्याच्या डाव्या पायावर आदळला आणि अंगठा मोडला. तो टाकत असे उजव्या हाताने. अंगठा पुरता बरा होण्याआधीच तो मैदानात उतरला. दुखऱ्या पायावर भार येऊ नये म्हणून त्याची फेक बदलली, आणि निकामी झाला तो उजवा हात! 1938 ते 1941 या चार हंगामांत मिळून त्याच्या नावावर 16 विजय आहेत. जखम झाली तेव्हा त्याचे वय अवघे 27 होते.

पायाच्या अंगठ्याने हात कसा जातो? चेंडू टाकण्याची क्रिया नीट पाहा. उजवा पिचर डावा पाय उचलतो, क्षणभर उजव्या पायावर तोलतो, मग लांब पाऊल टाकतो. डावा पाय जमिनीत रोवला की प्रथम कटिभाग वळतो, त्यामागून धड, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. जोर पायांतून व धडातून निघतो. हात तो चेंडूपर्यंत पोहोचवतो. त्या क्षणी खांदा इतक्या वेगाने फिरतो की तोच वेग टिकला तर सेकंदाला सुमारे वीस फेरे होतील. अशा वेळी कंबर पुढे-मागे कलंडली तर धड वेळेवर वळत नाही आणि राहिलेला जोर हाताला एकट्याने काढावा लागतो. त्याचा ताण खांद्यावर येतो, तसाच कोपराच्या आतल्या बाजूला हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्यावर, लिगामेंटवर, येतो. कष्टाच्या कामाला 'कंबर कसणे' म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांनी बेसबॉल पाहिला नव्हता, पण अंगमेहनत पुष्कळ केली होती.

हे केवळ तर्काचे बोलणे नव्हे. 2014 साली अमेरिकेत 347 व्यावसायिक पिचरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाचणी अगदी साधी होती. खेळाडूच्या कमरेला कल मोजणारे यंत्र बांधायचे आणि त्याला एक पाय जमिनीपासून थोडासा उचलायला सांगायचे. ज्यांचा कटिभाग आठ अंश किंवा अधिक हलला, त्यांना दुखापतीमुळे हंगामात तीस किंवा जास्त दिवस बाहेर बसावे लागण्याचा संभव, चार अंशांपेक्षा कमी हललेल्यांच्या तिप्पट आढळला. यावरून कमकुवत कंबर हे एकमेव कारण ठरत नाही. अतिश्रमाने पोलादी कंबरेच्या खेळाडूचाही हात जातो. म्हणूनच तिकडे मुलांच्या फेकी मोजतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 85 फेकी, आणि त्यानंतर सक्तीची विश्रांती.

पालकहो, आता थोडे स्पष्ट बोलतो. 1974 साली टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या कोपराचे लिगामेंट तुटले. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हाताची कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली. 1976 मध्ये तो परतला आणि 1989 पर्यंत खेळला. शस्त्रक्रिया थोर खरी. पण तिने हात पूर्वीपेक्षा बळकट होतो असा गैरसमज अमेरिकेतल्या कित्येक पालकांत पसरला. मुलाच्या यशाची घाई झाली की सुशिक्षित माणूससुद्धा असा विचार करतो. आपल्याकडे ही घाई नाही, असे मी म्हणणार नाही.

मुलांनो, संघातून नाव कटेल म्हणून दुखणे लपवू नका. मुलींनो, हे तुम्हालाही लागू आहे. धावणे व व्यायाम फक्त मुलांसाठी, हे कोणी ठरवले? घरी आरशासमोर एका पायावर उभे राहा आणि कंबर किती डुलते ते पाहा. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, पाठ न वाकवता कंबर वर उचला व थोडी रोखून धरा. कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर शरीर फळीसारखे ताठ ठेवा. याला पैसा लागत नाही, एक सतरंजी पुरते.

मी डॉक्टर नाही, भाषेचा शिक्षक आहे. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले की फेक त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावे. आणि त्यांचे हात तपासणे झाले की, मुलाला एकदा एका पायावर उभे करून पाहा, अशी विनंती त्यांना जरूर करावी.